मंत्रीसाहेबांचा हात

हेर माग्सालिन (जर्मनीत श्रीयुतांना हेर आणि बाईंना फ्राऊ म्हणतात) मला पहिल्यापासूनच आवडले नव्हते असं म्हटलं तर ते खोटं होईल. पहिले दोन-तीन आठवडे ते मला चांगले आवडले. मनातून उतरले ते नंतर, आणि उतरले ते उतरलेच.

मी हॅनोव्हरच्या एका वृद्धाश्रमात कामाला आहे. नर्स नाही मी. म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं, त्यांच्याबरोबर पत्ते खेळायचे, जुनी गाणी लावून द्यायची, असं माझं काम. आणि नवीन कोणी राहायला आलं की त्यांच्या आयुष्याचा फॉर्म भरायचा. त्याला इथे बिओग्राफीबोगन म्हणतात. चार पानं असतात. जन्म कुठला, काम काय केलं, कशाने आनंद होतो, कशाची भीती वाटते, काय केलं की शांत होतात. माणूस स्वतःला विसरायला लागला की आम्ही त्याला त्या चार पानांवरून ओळखतो. त्यातल्या ओळी उचलून नर्सेसच्या रोजच्या कामाचा आराखडा बनतो. म्हणजे या फॉर्मात मी काही लिहिलं, तर ते रोज सकाळी कोणाला तरी करावं लागतं. हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. तरी मी चुकले.

हेर माग्सालिन फेब्रुवारीत आले. होनोरातो माग्सालिन, वय ब्याऐंशी, फिलिपिन्सचे माजी मंत्री. बाहेर बर्फ होतं आणि यांनी स्वेटरच्या आत भरतकामाचा पांढरा झुळझुळीत सदरा घातला होता. डावा पाय ओढत होते, आठवण येऊन-जाऊन होती. सोबत मुलगी, फ्राऊ ब्रांट. इथल्या एका नोटरीशी तिचं लग्न झालंय. तिने कोट माझ्या हातात दिला, माझ्याकडे न बघता. मी तो खुंटीला लावला.

मंत्रीसाहेबांनी मला जवळ बोलावलं आणि उजवा हात पुढे केला. हात मिळवायला करतात तसा नव्हे, मागची बाजू वर करून, खाली सोडलेला. त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांचा हात असा हातात घेऊन आपल्या कपाळाला टेकवतात, त्याला मानो म्हणतात. मला तेव्हा हे काही माहीत नव्हतं. पण म्हातारं माणूस समोर आलं की माझी पाठ आपोआप वाकते, लहानपणापासूनची सवय. मी वाकले, त्यांनी हात माझ्या कपाळाला टेकवला, आणि इतका वेळ चुळबुळ करणारा तो माणूस एकदम स्वस्थ झाला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. इथे कोणी करत नाही हो असं, म्हणाली.

मलाही भरून आलं. त्या भरात मी फॉर्ममध्ये लिहिलं, ‘हात कपाळाला लावून नमस्कार केला की शांत होतात. रोज सकाळी करावा.’ हे ‘रोज सकाळी करावा’ मला कोणी सांगितलं नव्हतं. ते माझ्या पदरचं.

मग फ्राऊ ब्रांटनी दोन तास वडिलांचं आयुष्य सांगितलं. आजोबा नगराध्यक्ष, नारळाच्या बागा. हे स्वतः एकोणतिसाव्या वर्षी नगराध्यक्ष झाले. तिथे सलग तीनदाच निवडून येता येतं, म्हणून तीन खेपा झाल्यावर बायको नगराध्यक्ष झाली आणि हे तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. पुढच्या निवडणुकीला बायको उठली, हे पुन्हा बसले. मग खासदार. मग समाजकल्याण मंत्री. तिकडे मंत्र्याला सेक्रेटरी म्हणतात, आणि पद गेलं तरी लोकांनी सेक्रेटरीच म्हणायचं असतं, हे तिने मला दोनदा बजावलं. चार वर्षं मंत्रिपद, नंतर एक चौकशी समिती. “त्यात काही निघालं नाही, तसं लिहा,” ती म्हणाली. मी लिहिलं. मग निवडणुकीत पडले, बायको वारली, अर्धांगाचा झटका आला, आणि मुलीने इकडे आणलं. त्यांच्या नावाच्या शाळा, दवाखाने, पूल, बसथांबेसुद्धा आहेत म्हणे. मी विचारलं, यादी लिहू का. ती म्हणाली, “तुमच्या कागदावर मावणार नाही.”

न्याहारीच्या वेळी मंत्रीसाहेबांची गंमत असायची. पावांची टोपली दिसली की ते ती ओढून मांडीवर घ्यायचे. प्रत्येकाला पाव स्वतःच्या हाताने देणार, पण लगेच नाही. समोर कोणीतरी फोन धरून फोटो काढल्यासारखं करायला हवं. तोवर टोपलीवर हात. फ्राऊ ओस्टरलो म्हणून एक्याण्णव वर्षांच्या बाई आहेत, जन्मभर शाळेच्या खानावळीत स्वयंपाकीण होत्या. त्या ओरडायच्या, “मंत्री असाल तुमच्या घरचे, माझा पाव टाका इकडे.” आम्ही हसायचो. मंत्रीसाहेब मात्र गंभीर. मला इंग्रजीत विचारायचे, “स्टिकर आले का?”

कसले स्टिकर ते मला कळेना. पण माणूस गुंतून राहतो ना, म्हणून मी कपाटातून हसऱ्या सूर्याचे स्टिकर काढून दिले आणि कागदी पिशव्या दिल्या. ते पिशवीवर स्टिकर लावायचे, तळव्याने दाबायचे, बाजूला रचायचे. तास तास निघायचा. बैठकीत माझं कौतुक झालं. फ्राऊ ल्यूडर्स, म्हणजे आमच्या वृद्धाश्रमाच्या प्रमुख, म्हणाल्या की बिओग्राफीचं काम असं असावं, गेनाऊ, म्हणजे अगदी असंच.

मार्चमध्ये रोवेना आमच्या मजल्यावर बदलून आली. तीही फिलिपिन्सची, छत्तीस वर्षांची, चांगली अनुभवी नर्स. वरच्या मजल्यावर होती तेव्हापासून माझी तिची ओळख. दोघींचं जर्मन सारखंच तुटकं, त्यामुळे आमचं छान जमायचं. तिच्या दोन मुली तिकडे बहिणीपाशी होत्या आणि त्यांना इकडे आणायचे कागद सरकारी ऑफिसात अडकले होते. तिचा प्रोबेत्साइट चालू होता, म्हणजे नोकरीचे पहिले सहा कच्चे महिने. त्या काळात कारण न देताही काढता येतं. नोकरी गेली तर मुलींचे कागदही गेले, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

ती गोळ्यांचा ट्रे घेऊन जेवणघरात आली तेव्हा मंत्रीसाहेब पिशव्यांवर सूर्य चिकटवत होते. ती दारात थांबली. मी हसून म्हटलं, हे बघ, तुमच्याकडचे मंत्री. ती हसली नाही. जवळ आली, गोळ्या मोजून दिल्या, पाणी दिलं. त्यांनी हात पुढे केला. तिने शांतपणे गुड मॉर्निंग म्हटलं आणि ट्रे उचलून पुढच्या टेबलाकडे गेली. मंत्रीसाहेबांनी पेला आपटला.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी ते न्याहारीच करेनात. रविवारी मुलगी आली, तिने फॉर्म मागवला आणि माझ्या ओळीवर बोट ठेवलं. लिहिलंय ना इथे, रोज सकाळी करावा? मग? भारतातली बाई करते, आणि आमच्याच देशातली मुलगी करत नाही? सोमवारी फ्राऊ ल्यूडर्सनी रोवेनाला बोलावलं. आराखड्यात आहे ते करायला हवं, इतकं साधं आहे, असं त्यांचं म्हणणं. ‘नकार’ अशी नोंद झाली. अशी अजून एक झाली तर प्रोबेत्साइटबद्दल विचार करावा लागेल, असं त्या गोड आवाजात म्हणाल्या.

त्या दुपारी आम्ही धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होतो. मी चिडलेच होते तिच्यावर. म्हटलं, एक क्षणाचं काम. म्हातारा माणूस आहे. आमच्यात तर पाया पडतात. मुलींचा तरी विचार कर.

ती म्हणाली, “तुमच्याकडे पूर आला तेव्हा हा मंत्री नव्हता.”

सांगलीच्या पुराचं मीच तिला एकदा सांगितलं होतं. मग तिने तिचं सांगितलं, घड्या न थांबवता. ती एकोणीस वर्षांची, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. त्यांच्या बेटावर वादळ आलं. छपरं गेली, विहिरीत समुद्राचं पाणी आणि मेलेली जनावरं. दुसऱ्या दिवशी ट्रक आले, तांदूळ, पाण्याचे कॅन, जुलाबावरची औषधं. सगळं गावच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये उतरवलं आणि पोलिसांनी कुलूप लावलं. पोत्यांवर चिकटवायचे मंत्र्याच्या फोटोचे स्टिकर राजधानीतून यायचे होते. स्टिकर नाहीत तर वाटप नाही. लोक हॉलबाहेर झोपले. तिची आई विहिरीचं पाणी प्यायली. चौथ्या दिवशी आई गेली, हॉलपासून दोनशे पावलांवर. पाचव्या दिवशी हेलिकॉप्टर आलं, मंत्री आला, स्टिकर आले, कॅमेरे आले.

“मी रांगेत उभी राहिले,” रोवेना म्हणाली. “त्याने पोतं दिलं आणि हात पुढे केला. सगळे लावत होते, मीही लावला कपाळाला. आईला जाऊन एक दिवस झाला होता. तो फोटो पेपरात आला, शोभना. तो हसतोय आणि मी वाकलेय.”

आमच्याकडेही मदतीच्या पाकिटांवर पुढाऱ्यांचे फोटो होते. आम्ही तेव्हा थट्टा केली आणि पाकीट फोडलं. कुलूप लावून कोणी ठेवलं असेल का, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. आणि मी या माणसाला स्टिकर दिले. आपल्या हाताने.

मी म्हटलं, हे तू फ्राऊ ल्यूडर्सना सांग, ताबडतोब सांग, नाहीतर मी सांगते. तिने टॉवेलांची चळत माझ्यापुढे सरकवली.

“नाही. माझ्या आईचं नाव त्या बाईसमोर निघता कामा नये. ती म्हणणार खोटं आहे, मग मी पुरावे देत बसू? मी त्याला अंघोळ घालीन. त्याचं डायपर बदलीन, भरवीन, रात्री उठवून कूस बदलीन. त्याचा मला पगार मिळतो. कपाळ पगारात नाही.”

मला शपथ घालून ती गेली. आणि मी फ्राऊ ल्यूडर्सकडे जाऊन, तिच्या आईचं नाव न काढता, काय सांगणार होते?

घरी आमच्या ह्यांना सांगितलं. हरीश इथे एका कारखान्यात डिझाईनला आहेत, मेकॅनिकल इंजिनियर. त्यांनी आधी नेहमीचंच सांगितलं, की तू मधे पडू नकोस, तुझी नोकरी पक्की आहे, उगाच नाव खराब. मी म्हटलं, अहो, पण ती ओळ माझी आहे. तिला जी शिक्षा होतेय ती माझ्या अक्षरात लिहिलीय.

जेवता जेवता ते म्हणाले, “मग भांडतेस कशाला? ड्रॉइंगमध्ये माप चुकलं तर आम्ही भांडतो का? चुकीचं माप खोडायचं, नवं घालायचं, तारीख घालायची, खाली सही. ज्याने काढलं त्याने दुरुस्त करायचं.”

“आणि साहेब विचारतात का, चुकलं कसं?”

“विचारतात ना. तेव्हा सांगायचं, मी चुकलो.” मग भात कालवत म्हणाले, “तेवढंच अवघड असतं.”

गुरुवारी बैठक होती. फ्राऊ ल्यूडर्स, फ्राऊ ब्रांट, रोवेना आणि मी. सकाळी देवापुढे बसले तेव्हा दत्तगुरूंना एवढंच म्हटलं, माझ्या तोंडून तिच्या आईचं नाव निघू देऊ नका. ट्रॅममध्येही तेच म्हणत होते.

फ्राऊ ब्रांटनी सुरुवातच चढ्या सुरात केली. वडिलांचा रोज सकाळी अपमान होतोय. लाखो लोक ज्यांच्यापुढे वाकले, त्यांना एक नर्स उलटं फिरून पाठ दाखवते. मग रोवेनाकडे बघून, सगळ्यांना कळावं म्हणून जर्मनमध्ये म्हणाली, “आमच्या घरी असल्या मुली मागच्या दाराने यायच्या.”

रोवेना टेबलाकडे बघत होती. फ्राऊ ल्यूडर्सनी घसा खाकरला आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.

मी फॉर्म उघडला. म्हटलं, ही ओळ माझी आहे आणि ती चुकीची आहे. हेर माग्सालिन यांनी ती सांगितली नाही, त्यांच्या मुलीने सांगितली नाही. आमच्याकडे म्हाताऱ्यांच्या पाया पडतात, ती माझी सवय मी त्यांच्या आयुष्यात लिहिली. शिवाय ‘रोज करावा’ लिहिलं. नमस्कार आपण होऊन करायचा असतो. तो करायला लावला तर त्याला आमच्याकडे नमस्कार म्हणत नाहीत. चूक माझी, नोंद माझी, मी दुरुस्त करते आहे.

आणि मी पट्टी ठेवून ओळीवर एक सरळ रेघ मारली. इथे नियम असा, की खोडलेलं खालून वाचता आलं पाहिजे. बाजूला तारीख घातली, सही केली.

“म्हणजे ही बाई आज एक लिहिते आणि उद्या एक,” फ्राऊ ब्रांट म्हणाली. “हिच्यावर कोणी विश्वास ठेवायचा?”

“नका ठेवू,” मी म्हटलं. “पण आराखड्यात जे नाही, ते केलं नाही म्हणून तिच्या नावावर नकार लागत नाही. तीही नोंद काढावी लागेल.” हे मी फ्राऊ ल्यूडर्सकडे बघून म्हटलं.

फ्राऊ ल्यूडर्स माझ्यावर नाराज झाल्या. तपासणीला लोक येतात तेव्हा खोडलेल्या ओळींबद्दल प्रश्न विचारतात. एवढी वर्षं काम करून असं लिहिलंच कसं, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं आणि मला पुन्हा कोर्सला बसायला सांगितलं. मी हो म्हटलं. पण कागदाच्या बाबतीत ही बाई चोख. त्यांनी रोवेनाची फाइल काढली आणि नकाराच्या नोंदीपुढे ‘आधार नाही’ असं लिहून सही केली.

फ्राऊ ब्रांट उठली. खुर्ची तशीच मागे ढकललेली. माझे वडील इथे राहणार नाहीत, म्हणाली. जाता जाता माझ्यापाशी थांबली आणि हळू, जवळजवळ प्रेमाने म्हणाली, “तुम्ही नोकर माणसं शेवटी एकमेकांनाच धरून राहता.”

मला जे उत्तर सुचलं ते मी गिळलं. दत्तगुरूंकडे केलेलं मागणं आईच्या नावापुरतं होतं, पण तेव्हा वाटलं, तोंड एकदा उघडलं की कुठे थांबेल कोण जाणे.

मेच्या पहिल्या आठवड्यात त्यांची दुसऱ्या वृद्धाश्रमात सोय झाली, शहराच्या पलीकडे. चांगला महागडा आहे. त्याच आठवड्यात रोवेनाचे सहा महिने पुरे झाले आणि तिचा करार पक्का झाला. फ्राऊ ल्यूडर्सनी तो तिच्या हातात दिला तेव्हा अभिनंदन म्हणाल्या, माझ्याकडे पाहिलं नाही. अजूनही फारसं पाहत नाहीत.

माणूस दुसरीकडे जातो तेव्हा त्याच्याबरोबर एक कागद द्यायचा असतो, तिथल्या नर्सेससाठी. त्यातला सवयींचा भाग मी लिहायचा, तब्येतीचा नर्सने, आणि खाली नर्सची सही. तिथेही फिलिपिन्सच्या नर्सेस असणार, आता कुठे नसतात? शेवटी लिहिलं, ‘हात पुढे करतात. कपाळाला लावणं ज्याच्या त्याच्या इच्छेवर. कर्मचाऱ्यांना ते करायला सांगू नये. जेवण वाटायला आवडतं, पण टोपली हातात देऊ नये. इतरांना आधी वाढावं.’ स्टिकरबद्दल काय लिहायचं ते मला सुचलं नाही. नुसतं लिहिलं, ‘स्टिकर देऊ नयेत.’

कागद रोवेनाकडे दिला. तिने माझा भाग दोनदा वाचला. मग तिने तिचा लिहिला, आणि मी जाताना वाकून पाहिलं तर तो माझ्यापेक्षा मोठा होता. डाव्या टाचेला लाली आहे, खाली उशी द्यावी, दर दोन तासांनी कूस बदलावी. गोळी दह्यातून दिली तर घेतात. उजव्या कानाने कमी ऐकू येतं, डावीकडून बोलावं. डॉक्टरांनीही ते कानाचं टिपलेलं नव्हतं. सगळं ठळक अक्षरात, अधोरेखित करून.

निघायच्या दिवशी फ्राऊ ब्रांटने त्या कागदाचं पाकीट रोवेनाच्या हातातून घेतलं, आभार मानले नाहीत. मंत्रीसाहेब चाकाच्या खुर्चीत, त्याच पांढऱ्या सदऱ्यात. दारापाशी उभ्या असलेल्या प्रत्येकापुढे त्यांनी हात धरला. सफाईवाल्या मुलाने तो हातात घेऊन हलवला. माझ्यासमोर आला तेव्हा मी दोन्ही हात जोडले आणि जागची हलले नाही. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला, मग तोही विसरला.

डावा पाय खुर्चीच्या फूटरेस्टवरून घसरून खाली लोंबत होता. मुलीच्या ते लक्षात नव्हतं, ती ड्रायव्हरशी बोलत होती. रोवेना खाली वाकली, तिने टाच तळहातावर उचलून पाय फूटरेस्टवर ठेवला, टाचेखाली घडी केलेला टॉवेल सरकवला. मग मागे जाऊन खुर्चीचा ब्रेक काढला आणि त्यांना उतारावरून सावकाश खाली नेलं.